घरची जीन्स आणि धुण्याचा दगड

"आई, छान झालीये. पण शिवलेली वाटते."

आरशासमोर उभं राहून चौदा वर्षांचा मुलगा एवढंच म्हणाला आणि पँट काढून, नीट घडी करून पलंगावर ठेवली. ती घडीच मला जास्त लागली. आवडलेल्या कपड्यांची तो कधीच घडी करत नाही.

चेन्नईत आल्यापासून माझं शिवणाचं वेड वाढलं आहे. जॉर्ज टाऊनमधल्या गोडाउन स्ट्रीटवर कापडाची घाऊक दुकानं आहेत, तिथून जाड डेनिम आणलं आणि आठवडाभर खपून ही जीन्स शिवली. मापाला चोख बसली होती. पण वरपासून खालपर्यंत एकसारखी गडद निळी, सपाट, शाळेच्या गणवेशासारखी!

मला दादा आठवला. १९९५ साली अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाचं पाकीट बाजारात आणलं होतं. १९५ रुपयांत डेनिमचं कापड, चेन, रिव्हेट सगळं मिळायचं. आपल्या टेलरकडे जाऊन शिवून घ्यायचं. दादाने हौसेने ते आणलं. आमच्या सोलापूरच्या टेलरकाकांनी मनापासून शिवलं आणि शेवटी सवयीने कडक इस्त्री मारून समोर झकास क्रीज पाडली. कॉलेजात दादाचं जे हसं झालं, ते अजून निघतं. वर, चारसहा महिने धुतल्यावर बाकी पँट निळीच राहिली आणि क्रीजवर मात्र पांढरी रेघ उमटली.

त्या रेघेतच उत्तर होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. शिवाय ती नीळ धाग्याच्या वरवरच बसते, गाभा पांढराच राहतो. जिथे कापड उंचावतं आणि घासलं जातं, तिथे आतला पांढरा दिसू लागतो. म्हणजे जीन्स 'जुनी' करायची तर रंग काढायचा नाही, उंचवटे घासायचे.

हे कळण्याआधी मी अर्थातच ब्लीच वापरून पाहिलं. मांडीवर पिवळट डाग पडले आणि एका जागी कापडच विरलं. ती पहिली जीन्स संपली.

मग मुलाची दुकानातली जुनी पँट समोर ठेवून उलटीसुलटी पाहिली. तिच्या शिवणी सरळ नव्हत्याच. कडेकडेने बारीक चुण्या होत्या, खालची पट्टी दोरीसारखी पिळलेली. कारखान्यात पँट आधी शिवतात आणि मग धुतात. धुताना कापड आटतं, शिवणीचा दोरा तेवढा आटत नाही, म्हणून शिवण चुणते आणि चुणीचा माथा पांढरा होतो. मी मात्र शिवणाच्या क्लासमधला पहिला धडा पाळून कापड आधी भिजवून, आटवून घेतलं होतं!

दुसऱ्या वेळी कापड कोरंच ठेवलं. फक्त ३० सेंटिमीटरचा एक चौकोन कापून गरम पाण्यात धुतला, वाळल्यावर मोजला आणि जेवढा आटला त्या हिशोबाने पँट मोठी बेतली. वरच्या शिवणीला मोहरीच्या रंगाचा जाड दोरा, टाके लांब. चार थर एकत्र येतात तिथे शिवण्याआधी बत्त्याने ठोकून घेतलं, नाहीतर सुई मोडते.

मग मुलाला ती घालून खुर्चीत बसवलं. मांडीपाशी, गुडघ्यामागे ज्या घड्या पडल्या त्यांवर खडूने खुणा केल्या. पायात पोळपाट सरकवला, म्हणजे मागची बाजू घासली जात नाही. कापड ओलं करून बारीक पॉलिश पेपरने घड्यांचे माथे, खिशांच्या कडा, कमरपट्टी घासली. ओलंच घासायचं, धूळ उडू द्यायची नाही. कारखान्यांत हेच काम जोराने वाळू मारून करत, आणि ती धूळ श्वासात जाऊन कामगारांना सिलिकोसिस होई. तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. विकत घेतलेल्या पँटीवरचा तो सुंदर पांढरेपणा पाहताना मला हे आता आठवतंच.

शेवटचा हात गच्चीवरच्या धुण्याच्या दगडाने फिरवला. खरबरीत ग्रॅनाइट! पँट उलटवून-सुलटवून अर्धा तास घासली. शेजारच्या मामी वाळवण काढायला आल्या होत्या. "नवीन आहे ना हो ती?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे नव्या कपड्याच्या कोपऱ्याला हळद लावतात, आपल्याकडे कुंकू. आणि मी नवा कपडा दगडावर घासत होते. काय सांगणार? म्हटलं, मुलाला अशीच हवी.

पण मद्रासला हे नवीन नाही. १९५८ साली विल्यम जेकबसन नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने इथलं चौकड्यांचं कापड नेलं आणि ते ब्रूक्स ब्रदर्सच्या दुकानांत कपडे होऊन विकलं गेलं. थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, हे गिऱ्हाइकांना कुणी सांगितलंच नाही. रंग गेले, तक्रारी आल्या. मग जाहिरातच अशी केली की रंग जाणारच, हमखास. आणि त्या जाणाऱ्या रंगासाठी लोक ते कापड मागू लागले. मामींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रंग गेला की साडी परत नेऊन दुकानदाराशी भांडतात."

रविवारी मुलगा ती जीन्स घालून मित्रांबरोबर बेझंट नगरच्या समुद्रावर गेला. मी दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी दारातच विचारलं, "कुणी काही म्हणालं?"

"कशाबद्दल?"

पँट खुर्चीवर चुरगाळून पडली होती, खिशात वाळू. मी तशीच तिचा फोटो काढून दादाला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "इस्त्री मारू नकोस."