एकट्यापुरती कॉफी

आमच्या लातूरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या फळीवर, कॉफी करण्याची चार साधने ओळीने मांडलेली आहेत आणि गेले सहा महिने मी रोज सकाळी त्यांच्यापुढे, अभ्यास न करता परीक्षेला बसलेल्या मुलासारखा उभा राहतो. एक बुडाशी काळे पडलेले पातेले, त्याच्या शेजारी सहाण आणि अर्धे झिजलेले जायफळ. एक पितळी फिल्टर. एक दट्ट्याचे काचेचे भांडे. आणि चिनी मातीचे एक नरसाळे, ज्यात कागद घालून वरून पाणी ओतायचे असते. पहिले आईचे, दुसरे हिचे, तिसरे मुलाने पाठविलेले आणि चौथे मुलीने आणलेले. त्यांत माझे म्हणावे असे काहीच नाही. सत्तर वर्षांत मी कॉफी प्यालो पुष्कळ. केली मात्र एकदाही नव्हती.

आता करावी लागते. ही गेल्या वर्षी श्रावणात गेली. पुढे काही महिने घरात कुणी ना कुणी होते. कधी मुलगी, कधी मेहुणी, कधी सूनबाई. मग एकेक जण आपापल्या संसाराला गेले, जायलाच हवे होते, आणि एका सकाळी सहा वाजता माझ्या लक्षात आले की आज कॉफी आपणहून समोर येणार नाही.

खरे म्हणजे आमचा मुलूख चहाचा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे हैदराबादी हॉटेलांतला, तासन्‌तास आटवलेला, दाट दुधाचा चहा आमच्याकडे सरकारी भाषेइतकाच सहज आला, आणि सरकार गेले तरी तो राहिला. नांदेडला गाडीपुऱ्यातल्या आमच्या घरी कॉफी हा पाहुणाच होता. कुणी आजारातून उठले, एकादशीला कुणाचे डोके दुखले, किंवा रात्रीच्या गाडीने कुणी मोठा माणूस उतरला, म्हणजे आई कॉफीचा डबा काढी. तिची रीत अशी: दूध आणि थोडे पाणी एकत्र उकळायचे, त्यात साखर, मग कॉफीची पूड, मग पुन्हा एक-दोन उकळ्या, आणि शेवटी सहाणेवर उगाळलेले जायफळ. फडक्याने गाळून पेला हातात येई तो वासानेच अर्धा भरलेला असे. कॉफीने झोप उडते हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. आमच्या घरी कॉफी झोप लागावी म्हणून घेत.

जाणकार माणसे या रीतीला नाके मुरडतात. पूड उकळली की तिच्यातला कडवटपणा सगळाच्या सगळा पाण्यात उतरतो, सुवास वाफेबरोबर निघून जातो, आणि मग तो कडूपणा झाकायला दूध, साखर, जायफळ यांची फौज बोलवावी लागते. हे खरे आहे. पण आईला कॉफीची चव दाखवायची होती कुठे? तिला पाहुण्याला निजवायचे होते.

हिचे माहेरही नांदेडचेच, पण स्टेशनच्या बाजूचे. एवढ्या अंतरात कॉफी बदलते. मनमाड-काचीगुडा ही निजामाच्या वेळची मीटरगेज लाइन; १९६६ साली सिकंदराबादला मुख्य कचेरी ठेवून दक्षिण मध्य रेल्वे निघाली, तेव्हा आमचे नांदेड तिच्यात गेले. स्टेशनाभोवती तेलुगू कुटुंबे होतीच. हिच्या शेजारी एक गार्डसाहेब राहत. त्यांच्या पत्नी विजयवाड्याकडच्या. त्या बाईंनी या पोरीला वयाच्या दहाव्या वर्षी फिल्टर शिकवला. मराठी तिला शाळेत आले असेल, पण कॉफी आली ती तेलुगूतून.

लग्नात हा फिल्टर रुखवतात मांडला होता. दोन पितळी डबे एकावर एक, वरच्याला तळाशी बारीक भोके, आत दांडीची चकती, वर झाकण. माझ्या एका मावशीने ते काशीचे गंगाजल ठेवण्याचे भांडे समजून त्याला नमस्कार केला. पुढे चाळीसहून अधिक वर्षे मीही जवळजवळ तेच करीत होतो: लांबून पाहायचे, हात लावायचा नाही.

रात्री भांडी आवरून झाली की ही वरच्या डब्यात पूड घाली, चकतीने हलकेच दाबी (“चेपायची नाही, नुसती बसवायची,” असे ती मुलीला सांगताना मी ऐकले आहे) आणि वरून उकळते पाणी ओतून झाकण लावी. मग ते काळे पाणी थेंबाथेंबाने खाली उतरत राही. फिल्टरचे सगळे शास्त्र या संथपणात आहे. पाणी फार भरभर गेले तर पुडीतून काही घेतच नाही, आणि अडकून बसले तर नको ते घेते. भोके बुजली की ती फिल्टरचा वरचा डबा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवी; आत अडकलेले कण जळून जात आणि घरभर करपट वास सुटे. त्या वासावरून मला महिना उलटल्याचे समजे.

चिकोरीवरून मात्र आमचे कायम भांडण. मी पुस्तकात वाचलेला माणूस. शुद्ध कॉफीच हवी म्हणून हट्ट धरी. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हेच, ते एका झाडाचे भाजलेले मूळ. आपल्याकडे ते गुजरातेत, जामनगर-आणंदकडे पिकते. कायद्याने मिश्रणात निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे एक्कावन्न टक्के, कॉफी असली की पुरे. मी हे आकडे सांगे आणि ही ऐकून घेई, आणि दुकानदाराला ऐंशी-वीसच सांगे. शुद्ध पूड दुधात मिळमिळीत लागते, चिकोरीने अंग येते, हे तिचे म्हणणे. मी एकदा गुपचूप शुद्ध पूड आणून डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी तिने काहीही न बोलता पेला माझ्यापुढे ठेवला. मी तो संपवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले होते, नळ महिनोन्‌महिने मुके होते, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीने लातूरला आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. स्टेशनावरून ते पाणी शुद्ध करायला जाई आणि मग टँकरने गल्लोगल्ली. आमच्या दारात पहिल्यांदा ते आले त्या रात्री हिने दोन भांडी प्यायला बाजूला काढली, एक देवाला, आणि एक पेला फिल्टरसाठी. सकाळी एक घोट घेऊन म्हणाली, “अहो, आज डिकॉक्शन मऊ उतरलंय.”

मी हसलो. तहानेने गाव पोळत असताना हिला डिकॉक्शनचा मऊपणा सुचतो! पण तिचे बरोबर असावे. आमच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी जड. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरणारे. असले क्षार कॉफीतला आंबूस, फळासारखा अंश मारून टाकतात आणि ती सपाट लागते. पेल्यात शेवटी कॉफी किती? बहुतेक सगळे पाणीच. हे मी नंतर वाचले. तिने जिभेवर ओळखले होते. त्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट दिसली. फिल्टरला पाणी फारच थोडे लागते. चोथा कोरडा होऊन निघतो, तुळशीच्या कुंडीत झटकला की झाले. विसळायला वाटीभर पाणी पुरे.

मुलाने पाठविलेले काचेचे भांडे त्याच वर्षी आले आणि ह्या कारणामुळेच तसेच खोक्यात राहिले. त्याला फ्रेंच प्रेस म्हणतात, पण त्याचे १९२९ सालचे पेटंट एका इटालियन माणसाचे आहे. जाडसर पूड, गरम पाणी, चार मिनिटे थांबायचे, दट्ट्या खाली दाबायचा. सोपे आहे, माझ्यासारख्यालाही जमले. पण तळाशी राहणारा चिखल धुवायला तांब्याभर पाणी लागते, आणि तो चिखल मोरीत गेला की मोरी तुंबते. शिवाय शेवटच्या घोटाला दातांत माती आल्यासारखे होते. मी ते धुऊन पुसून परत फळीवर ठेवले. मुलाला मात्र “छान आहे” असे कळवले.

चिनी मातीच्या नरसाळ्यावर माझे प्रेम बसले ते त्याच्या जन्मकथेमुळे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी मेलिटा बेंट्झ नावाची एक गृहिणी होती. कॉफीतल्या चोथ्याला ती कंटाळली, आणि तिने पोराच्या शाळेच्या वहीतला टीपकागद काढून भोके पाडलेल्या भांड्यात घातला व त्यातून कॉफी गाळली. १९०८ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला ही गोष्ट आवडू नये तर काय! आमच्या वेळी टीपकागदाचे काम शाईचे डाग टिपण्याचे. त्याच्यातून एवढे मोठे काही निघेल असे कुणा मास्तराला वाटले नसेल.

मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिने ते नरसाळे, कागद आणि एक छोटा तराजू असे सगळे आणले. पंधरा ग्रॅम पूड, अडीचशे ग्रॅम पाणी. आधी थोडे पाणी टाकून पूड फुगू द्यायची, मग हळूहळू गोल फिरवत ओतायचे. कॉफी खरोखरच सुंदर झाली. स्वच्छ, पातळ, चहासारखी आरपार. दूध घालावेसेही वाटेना. मी तसे म्हणालो.

“म्हणूनच आणलं ना बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला हे बरं पडेल. एकट्यापुरती होते.”

तिच्या मनात काहीच नव्हते. पण ते शब्द तिच्या नि माझ्या दोघांच्याही कानी एकदमच पडले, आणि ती उगाचच कागदांचे पाकीट नीट लावीत बसली.

ती गेल्यावर मी पंधरवडाभर तशी कॉफी केली. तराजू, कागद, गोल गोल धार. चूक काहीच होत नव्हती. कप संपे, कागद चोथ्यासकट केराच्या डब्यात जाई, आणि सहा वाजून वीस मिनिटांनी ओटा असा दिसे की इथे कुणी काही केलेच नाही. मग एका रात्री मी फिल्टर खाली काढला.

हिच्या हाताने चार चमचे पूड जाई. मी हिशेब करून एकच घातली. सकाळी पाहतो तो खालच्या डब्यात फिकट, गढूळ पाणी. वाटले, पूड जुनी असेल. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला: एवढ्या रुंद तळावर एका चमच्याचा थर तो केवढा; पाणी त्याच्यातून पळतच सुटते. फिल्टर ज्या मापाचा असतो त्या मापाने भरावा लागतो. हा चौघांचा होता, आणि चौघांपेक्षा कमी माणसांची कॉफी करायला तो सरळ नकार देत होता.

आमच्या माडीवर तीन मुले भाड्याने राहतात. अहमदपूर, मुखेड, कंधार अशा गावांची. लातूरला परगावची मुले शिकायला येतात आणि त्यांच्या खोल्यांतले दिवे रात्री एकपर्यंत विझत नाहीत, हे आमच्याकडे इतके रोजचे झाले आहे की त्याकडे कुणी पाहत नाही. ही तिघे ‘नीट’ची तयारी करतात. पहाटे चारला उठतात आणि पुडीतली झटपट कॉफी न्हाणीघरातल्या गीझरच्या पाण्यात ढवळून पितात. हे मला जिन्यात चोथा कधीच सांडत नाही यावरून कळायला हवे होते. पण कळले ते एकाने चमचा मागितला तेव्हा.

परवा रात्री मी चार चमचे पूड घातली. चकती बसवली, चेपली नाही. सकाळी वरचा डबा उचलताना तो जड लागला नाही, आणि खाली, जवळजवळ काठापर्यंत, काळेभोर डिकॉक्शन. दूध तापवले, पेले भरले, आणि ताट घेऊन, एक हात कठड्याला धरून, मी जिना चढलो. दार उघडणारा पोरगा घाबरला; त्याला वाटले, भाड्याचे बोलायला आलो.

“काय करायलात काका एवढ्या पहाटे?”

मी म्हणालो, “कॉफी.”

तिघांनी उभ्याउभ्याच घेतली. एकाने साखर मागितली. दुसऱ्याने पेला विसळून खाली आणून दिला आणि जाता जाता म्हणाला, “उद्या थोडी कडक करा, काका.” म्हणजे प्रमाण अजून जमलेले नाही. चिकोरी वीसची तीस करावी की काय, ते दुकानदाराला विचारले पाहिजे.

जायफळ या कॉफीत घालायचे नाही. पोरांना जागायचे आहे. ते मी वेगळे डबीत ठेवले आहे. मे महिन्यात त्यांची परीक्षा असते. तिच्या आदल्या रात्री पुस्तके मिटायला लावून, आईच्या पातेल्यात दूध उकळून, चांगली दाट जायफळाची कॉफी द्यायची, असे मनात आहे.