गुरुवारी वर्ग नसतो

एस.टी.त कंडक्टरकी करून निवृत्त झालो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शिर्डीत पिंपळवाडी रस्त्यालगत एका खोलीत आम्ही तिघं म्हातारे पोरांना शिकवायला घेऊन बसतो. एक निवृत्त नर्सबाई, एक साखर कारखान्यातले काटा कारकून आणि मी. पोरं तेरा ते सतरा वयाची. कुणी गुलाब विकतं, कुणी कपाळाला गंध लावतं, कुणी उतरलेल्या भक्ताला कमिशनवर हाराच्या दुकानापर्यंत नेतं. शिंगणापूरला गाड्यांना लटकणाऱ्या पोरांना लोक लटकू म्हणतात, तीच ही जात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ही पोरं उपाशी म्हणून रस्त्यावर. शिर्डीत तसं नाही. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात पोटभर जेवण मोफत मिळतं. इथला मोह रोख पैशाचा आहे. रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, दसऱ्याला बाबांच्या पुण्यतिथीला पोरगं दिवसात एवढं कमावतं की शाळेच्या बाकावर बसायला त्याचं मन घेत नाही. हातात रोकड आली की मोठी पोरं भोवती जमतात. मोबाईलवरचा जुगार, व्हाइटनरचा रुमाल आणि मग गर्दीत खिसा कापताना पुढे उभं राहायला लहान पोरगं. हा उतार मी डोळ्यांनी पाहिलाय.

त्यात हे गाव येऊन-जाऊन राहणाऱ्यांचं. २००९ साली रेल्वे आली, २०१७ साली काकडीला विमानतळ झाला, माणसं वाढली. पण मुक्काम एका रात्रीचा. भक्त पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो, पाचशेची नोट देतो आणि काकड आरती करून निघून जातो. त्या पोराच्या दिवसात शंभर माणसं येतात, त्यातलं एकही उद्या दिसत नाही. आम्हा म्हाताऱ्यांकडे पैसा नाही, ओळखी नाहीत. पण आम्ही उद्या असतो. परवाही असतो. माझ्या मते या कामात एवढंच खरं भांडवल आहे, आणि तरुण स्वयंसेवकांकडे नेमकं तेच नसतं. त्यांना नोकरीच्या मागे जावं लागतं.

आमचे नियम नर्सबाईंनी घालून दिले. पोराला रोख द्यायची नाही. एकट्याने एकट्या पोराला भेटायचं नाही, घरी न्यायचं नाही. पळून आलेलं पोर स्टेशनवर सापडलं तर आधी १०९८ ला फोन. चोवीस तासांच्या आत ते बालकल्याण समितीसमोर गेलं पाहिजे, हा कायदा. प्रेमापोटी घरात ठेवून घेणारे लोक असतात, त्यांना बाई फार कडक बोलतात. बरोबरच आहे त्यांचं.

एका पोराबद्दल सांगतो, नाव नको. आईबाप जालन्याकडचे, ऊसतोडीला टोळीबरोबर या भागात यायचे. पोराची सातवी झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. मावशीकडे राहून गुलाब विकायला लागला. वर्गात वही समोर आली की मान खाली. एका मंगळवारी मी माझा जुना तिकिटांचा ट्रे घेऊन गेलो. म्हटलं, "बंद नंबर ४८३, सुरुवातीचा ४५७. तिकीट १५ रुपयांचं. पैसे किती भरायचे?"

पोरगं ट्रेकडे बघत होतं. "तीनशे नव्वद. पण मास्तर, तुम्ही एखादं तिकीट न फाडता पैसे घेतले तर?"

"तर चेकर पकडतो आणि नोकरी जाते."

मग त्याच गणितात दर खोडून मी तिथे 'क्ष' लिहिला. २६ क्ष बरोबर ३९०. त्याने पेन्सिल घेतली. नवीन काही शिकवावं लागलं नाही. डोक्यात होतं ते कागदावर उतरवायचं होतं.

पुढे सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्याला बाहेरून दहावीला बसायचं तर हाच रस्ता. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि दाखला जालन्याच्या गावात. मी त्याच्या मावशीसह एस.टी.ने गेलो. गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं, पोराचं नाव बोटाने शोधलं. मावशी म्हणाली, "नाव अजून हाय व्हय इथं!" आणि पदर डोळ्यांना लावला. त्या एका ओळीसाठी केलेला प्रवास मला आजही सार्थकी वाटतो.

गुरुवारी वर्ग नसतो. त्या रात्री पालखी, गावात धंदा. शनिवार-रविवारीही नाही. पोराने कमाई सोडावी असा हट्ट आम्ही धरत नाही. मावशीच्या खोलीचं भाडं त्यातून जातं. चौदाच्या आतलं पोर मात्र कामावर दिसलं की आम्ही गप्प बसत नाही, मग दुकानदार तोंड फिरवोत.

यंदा निकाल लागला. इंग्रजी सोडून बाकी सगळे विषय निघाले. एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पण इंग्रजी काढावंच लागणार, आणि आमच्या तिघांत ते शिकवण्याजोगं कुणाला येत नाही. राहात्याच्या एका निवृत्त बाईंना विचारलंय. त्यांची अट, वर्ग दुपारी तीनला हवा; साडेचारला नातीला शाळेतून आणायचं असतं. पोराला सांगितलं तर म्हणालं, "चालंल की. बाराची आरती झाली की तीनपर्यंत हार कोण घेतंय?"