तळहातावरची काठी

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने रासायनिक कारखान्यावर लिहावे, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. पण ज्या घरात चहाबरोबर ‘बॅच’ आणि ‘टेंपरेचर’ हेच विषय निघतात, तिथे मराठी वाङ्मय शिकणारी मुलगीही थोडे रसायन शिकतेच! माझे बाबा रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात रिॲक्टर सांभाळतात.

रिॲक्टर म्हणजे मोठा बंद हंडा. आत रसायनांचा संयोग होतो आणि उष्णता निघते. भोवतालच्या जॅकेटमधून फिरणारे थंड पाणी ती वाहून नेते. हिशेब सरळ वाटतो, पण तो तसा नाही. हंडा जितका तापेल, त्या प्रमाणातच पाणी अधिक उष्णता नेते. रसायनांचा वेग मात्र, ढोबळमानाने, दर 10 अंशांना दुप्पट होतो. 30 अंशांत आठपट! फार थंड ठेवावे तर रसायने झोपी जातात, सैल सोडावे तर बेफाम होतात. माल हवा तर मधले तापमान राखावे लागते, आणि कित्येकदा तिथे हंडा आपणहून टिकत नाही. तळहातावर उभी केलेली काठीच ती.

काठी कशी उभी राहते? डोळा तिचा कल पाहतो आणि हात तिकडे सरकतो. इथे हेच काम तापमापक, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह करतात. मोजायचे, ठरलेल्या आकड्याशी ताडायचे, पाणी कमीजास्त करायचे, पुन्हा मोजायचे. दुरुस्ती उशिरा किंवा जादा झाली की तापमान झोके घेऊ लागते. वाफेच्या इंजिनांवरील गव्हर्नर असे झोके का घेतात, हे मॅक्सवेलने 1868 साली गणिताने उलगडले.

मी एकदा विचारले, “यंत्रच सगळं करतं, मग तुम्ही रात्रभर काय बघता, बाबा?”

“व्हॉल्व्ह किती उघडलाय ते. टेंपरेचर ठरल्या आकड्यावर दिसणारच. त्यासाठीच यंत्र ठेवलंय.”

एका रात्री आकडा जागच्या जागी होता. व्हॉल्व्ह मात्र सरकत सरकत जवळजवळ पूर्ण उघडला होता. तो पूर्ण उघडला की यंत्राजवळ द्यायला काही उरत नाही. बाबांनी हंड्यात थेंबथेंब पडणारे रसायन तिथेच थांबवले. पाण्याच्या वाटेत गाळ साचल्याचे मागाहून कळले. बॅच लांबली म्हणून सकाळी बोलणी मात्र त्यांनाच खावी लागली.

घरी त्यांचा आवाज कधी चढत नाही. त्यांचा स्वभावच शांत, असे आम्ही समजत होतो. हल्ली मी पाहते, ती शांतता राखायला त्यांना किती पाणी सोडावे लागते.