चौसष्ट बाइटांचं देणं

टोनरवाल्याचं, कागदवाल्याचं बिल मी महिन्याच्या महिन्याला चुकतं करतो. मास्तरांचं देणं मात्र राहिलं ते राहिलंच. ते तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीत राहणारे. त्यांना नावानं हाक मारणारा मला कुणी भेटला नाही.

माझा धंदा अक्षरजुळणीचा. तेव्हा पानं लावायची तर विंडोजवरचे जुने मराठी फाँटच लागत, त्यामुळे एक्सपी सोडून चालायचं नाही. आणि व्हायरसच्या धास्तीनं मेल, इंटरनेट उबुंटूवर. मशीन एकच, 160 जीबीची डिस्कही एकच. तिचे तीन वाटे केलेले: सी वर विंडोज, डी वर कामं, उरलेल्या जागेत लिनक्स. मशीन सुरू केलं की ग्रबचा मेनू यायचा, हवं ते निवडायचं.

2009 साली दिवाळी अंकाची पानं लागत आली असताना विंडोज रडायला लागलं, म्हणून मशीन दुरुस्तीला दिलं. दुकानातल्या मुलानं मशीनसोबत आलेली रिकव्हरी सीडी घातली आणि "एकदम नवंकोरं करून दिलंय, साहेब" म्हणून परत केलं. उघडून बघतो तर अख्खी डिस्क म्हणजे एकच सी. डी नाही, लिनक्स नाही, दिवाळी अंकही नाही. जाहिरातींचे पैसे घेऊन झालेले, छापखान्याची तारीख ठरलेली.

मास्तर आले ते दारातूनच म्हणाले, "आधी बंद कर ते. विंडोज चालू असलं की काही ना काही डिस्कवर लिहीतच असतं."

मग त्यांनी पाठकोऱ्या प्रुफावर डिस्कचा पहिला सेक्टर काढून दाखवला. 512 बाइटांचा. त्यातले पहिले 446 मशीन सुरू करणाऱ्या कोडचे, शेवटचे दोन खुणेचे आणि मधले 64 पार्टिशन टेबलचे. 16 बाइटांची एक, अशा चारच नोंदी: वाटा कुठे सुरू होतो, किती मोठा, कुठल्या प्रकारचा. "तुझ्या पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून तिथे दुसरी चिकटवलीय," ते म्हणाले. "पानं कुठे जातायत? नव्या विंडोजनं जी थोडी जागा खाल्ली, तेवढीच गेली. ती बहुतेक जुन्या सी चीच."

घाई त्यांना ठाऊकच नव्हती. नवी डिस्क आणायला मला पिटाळलं. लाइव्ह सीडीवरून मशीन सुरू करून डीडीरेस्क्यूनं अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला लावली. रात्र त्यातच गेली. "मूळ प्रतीला हात लावायचा नाही. प्रयोग नकलेवर."

सकाळी टेस्टडिस्क लावलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ॲनलाइज, मग क्विक सर्च. प्रत्येक फाइल सिस्टिम आपल्या हद्दीत स्वतःच्या खुणा ठेवते. एनटीएफएस तर बूट सेक्टरची एक प्रत वाट्याच्या अगदी शेवटीही राखते. असल्या खुणा धुंडाळत पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली. एका एनटीएफएसच्या ओळीवर मास्तरांनी पी दाबला आणि फोल्डरांची यादी आली. त्यात दिवाळी अंकाचा फोल्डर होता. मी खुर्चीतून उठलोच. मास्तर म्हणाले, "बस. आधी कॉपी कर, मग नाच." पानं आणखी एका डिस्कवर उतरली, उघडून तपासली, त्यानंतरच त्यांनी चहा घेतला.

मूळ डिस्कवर सगळं पुन्हा बसवताना क्रमही त्यांनीच घालून दिला: आधी विंडोज, मग लिनक्स. उलट केलं की विंडोजचा इन्स्टॉलर पहिल्या सेक्टरातला बूट कोड स्वतःचा करून टाकतो आणि ग्रबचा मेनू गायब होतो. तसं झालं तरी घाबरायचं कारण नाही, लाइव्ह सीडीवरून ग्रब परत बसवता येतो. वाटे जागच्या जागी असतात.

पैशांचा विषय काढला तर मास्तर वैतागले. "मी काय केलं? टेस्टडिस्क लिहिलं ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसानं. डीडीरेस्क्यू अंतोनियो दियाझ दियाझचं. कोड उघडा ठेवून जगाला वाटलंय. त्यांनी तुला बिल पाठवलंय का?" मग जाता जाता म्हणाले, "फेडायचंच असेल तर दुसऱ्या कुणाच्या मशीनपाशी बस. आणि त्याच्याकडूनही काही घेऊ नकोस."

मास्तर आज नाहीत. मशीनंही बदलली. आताच्या जीपीटी डिस्कवर टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे पहिली बिघडली तरी बऱ्याचदा सावरता येतं. पण चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट दाबणारे हात तेच आहेत. कुणी रडवेला होऊन आला की मीही आधी मशीन बंद करायला लावतो, मग डिस्क आणायला पिटाळतो, आणि शेवटी चहाच तेवढा घेतो.

तुमच्याही मशीनवर दोन सिस्टिम नांदत असतील तर आजच एवढं करा. लिनक्समध्ये एसएफडिस्कला डॅश-डी लावून पार्टिशन टेबल उतरवून घ्या, कागदावर छापा आणि तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवा. कामाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्यातूनही कधी वाटा दिसेनासा झालाच, तर नवं काही बसवू नका, फॉरमॅट करू का असं मशीननं विचारलं तर हो म्हणू नका. आधी बंद करा.