दोन काडतुसे

दिवाळीपूर्वी फडताळ आवरायला निघाले की आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलत आजोबा, एक पत्र्याची डबी आधी स्वतः उचलून घेत. तिच्यात दारू काढून टाकलेली दोन काडतुसे होती. एकाच्या गोळीचे टोक उघड्या शिशाचे, तर दुसऱ्याची गोळी टोकापर्यंत धातूच्या कवचाने मढवलेली.

'आप्पा, वाघाला कोणते?' मी विचारी.

'मऊ टोकाचे. ती गोळी अंगात शिरली की अळंबीसारखी फुलते आणि सगळा जोर आतच खर्च करते. हत्तीच्या कवटीवर मात्र ती वाटेतच पसरायची. तिथे कवचाचीच हवी. ती न फुलता सरळ हाड भेदून जाते.'

मला वाटे, जितकी मोठी बंदूक तितका मोठा शिकारी. आप्पा हसत. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, ते बहुतेक 7 मिलिमीटरच्या लहानशा रायफलीने! गोळी कवचाची, आणि मेंदू नेमका कुठे असतो ते त्याला ठाऊक.

एकदा मी विचारले, 'मग तुम्ही शिकार का सोडली?'

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मेळघाटात संध्याकाळी अचानक गवा समोर आला. रायफलीत सांबरासाठी भरलेले मऊ टोकाचे काडतूस. बदलायला हवे होते, बाळ. मी घाई केली. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली. दोन दिवस रक्ताच्या मागावर हिंडलो. गवा सापडला नाही.'

पुढे मी जिम कॉर्बेटचे पुस्तक वाचले. 1907 साली त्यांनी टिपलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर 436 माणसांचे बळी होते. तिचे उजवीकडचे वरचा-खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते, जुन्या बंदुकीच्या जखमेने. कुणाचा तरी चुकलेला बार इतक्या घरांच्या उंबरठ्यावर जाऊन पोचला होता. मी पुस्तक मिटले. डोळ्यांपुढे आप्पांचा गवा उभा राहिला.

1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचे ते दिवस संपले. फार बरे झाले. आता आप्पाही नाहीत. डबी माझ्याकडे आहे. यंदा फडताळ आवरताना ती माझ्या मुलाच्या हाती लागली.

'बाबा, वाघाला कोणते?'

मी त्याला जवळ बसवले आणि आधी गव्याची गोष्ट सांगितली.