गप्प टॅपेट

टॅपेट वाजायला लागले की माणसं घाबरतात. मला धास्ती वाटते ती ते अचानक गप्प झाल्यावर.

माझी गाडी जुनी अ‍ॅम्बॅसेडर, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. पुशरॉड वर येऊन रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात 15 थाऊ, म्हणजे 0.38 मिलिमीटर फट ठेवायची; टॅपेट सेट करणं म्हणजे हेच. इंजिन तापलं की दांडी लांबते, तिला जागा हवी. फट वाढली तर टकटक होते, पिकअप जरा पडतो. कमी झाली तर मात्र व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकूनच निघून जाते. टेकणं थांबलं की त्याची कड जळते. आणि हे सगळं बिनबोभाट होतं.

पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरायचं. 2000 साली ते देशभर बंद झालं, मुलांच्या मेंदूसाठी व्हायलाच हवं होतं. पण ज्या जुन्या लोखंडी हेडात कडक सीट बसवलेल्या नाहीत, तिथे सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडात वर सरकतो आणि फट आपोआप आटत जाते. अशी गाडी दिवसेंदिवस जास्तच शांत चालते!

टॅपेट मी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सेट करतो. चारही प्लग काढले की इंजिन फिरवायचं हँडल हलकं फिरतं. मग नऊचा हिशेब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना पहिला सेट करायचा, सहावा दबलेला असताना तिसरा, बेरीज नेहमी नऊ. लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवायचा. फीलर गेजची पट्टी सरकताना बोटांना किंचित ओढ लागली पाहिजे. नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर फिरू पाहतो, म्हणून तो स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवायचा आणि पट्टी पुन्हा घालून पाहायची. ही दुसरी तपासणी टाळणाऱ्याच्या कामावर माझा विश्वास नाही.

जुन्या रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असतो. पट्टी खड्ड्याच्या कडांवर टेकते, आत शिरत नाही. माप 15 दाखवतं, खरी फट जास्त असते. असा टॅपेट सेट करूनही वाजतो. मग कानावर भिस्त ठेवणारा मिस्त्री आवाज जाईपर्यंत स्क्रू पिळतो. गिऱ्हाईक खूश, आणि व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर. तिथे इलाज एकच, रॉकर बदलणं किंवा घासून घेणं.

एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल, तर कार्बोरेटर उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह, क्वचित हेड गॅस्केट. प्लग बसवून हँडल सावकाश फिरवताना सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस आली तर एक्झॉस्ट, कार्बोरेटरमध्ये आली तर इनटेक.

आणि गाडी गॅरेजला दिलीत, तर परत घेताना 'आवाज गेला का?' असं विचारू नका. 'गॅप किती ठेवली?' हे विचारा.