हे कार्डाचं की पाकिटाचं?

पत्र लिहायला बसलं की आजी आधी एवढंच विचारायची, "हे कार्डाचं की पाकिटाचं?" उत्तर मिळाल्याशिवाय दौतीचं झाकण उघडायचं नाही. नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीने हा प्रश्न घरोघर ऐकला आहे. काय पाठवायचं आहे, त्यावर ते कसं जाणार हे ठरे. आणि ते ठरवण्याचं शहाणपण बहुतेक घरांत बायकांकडे होतं. त्यांतल्या कितीजणींना स्वतःला लिहिता येत नव्हतं! पत्र मुलं लिहीत, पण टपालाचा निवाडा त्यांचाच.

गावाने वाचलं तरी चालेल ते कार्डावर. लावणी आटोपली, गाय व्याली, गणपतीला कोण कोण येणार. 15 पैशांचं कार्ड आमच्या आठवणीत वर्षानुवर्षं 15 पैशांचंच होतं. मंगल बातमी असली की कोपऱ्यांना हळदकुंकू. कोपरा फाडलेलं, म्हणजे कुणी गेल्याचं कार्ड आलं की पोस्टमन ते पडवीत ठेवायचा नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाला हाक मारून हातात द्यायचा. ज्याच्याकडून उत्तर येतच नाही, अशाला जोडकार्ड जायचं. अर्धं आपण लिहायचं, उरलेल्या अर्ध्यावर आपलाच पत्ता घालून ठेवायचा. आमच्या आत्याला आजी जोडकार्डच पाठवी. आत्या आळशी नव्हती. सासरी तिला कार्डासाठी पैसे मागावे लागू नयेत, म्हणून. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पत्ता घालणं हेही जबाबदारीचं काम. आमचा जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा होता, आणि मुंबईतही कुलाबा आहेच. म्हणून 'ता. अलिबाग' खाली दोन रेघा ओढून लिहायचं. 1972 साली पिनकोड आला, तरी रेवदंड्याचा 402202 पाठ असूनही त्या दोन रेघा कित्येक घरांत चालू राहिल्या.

घरातलं घरात राहावं असं असेल तर निळं आंतर्देशीय. मुलगी पसंत पडली नाही, भावाभावांत वाडीच्या वाटणीवरून बोलणं झालं, असल्या गोष्टी त्यात जात. त्याच्या आत मात्र काही घालायचं नाही. फोटो, जन्मटिपण किंवा राखी असली की पाकीट.

आणखी एक निळा कागद आमच्या किनाऱ्याच्या फार ओळखीचा होता. बेने इस्रायल कुटुंबं अलिबाग, रेवदंडा, नवगाव भागातून एकेक करून इस्रायलला गेली. गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून. त्यांची एअरोग्राम येत, मराठीत लिहिलेली, आपल्याच वळणाच्या अक्षरात. वाडीत यंदा सुपारी कशी आहे, विहिरीला पाणी किती, हे हजारो मैलांवरून विचारलेलं असे. एअरोग्राममध्येही काही घालता येत नसे. शेजारच्या काकूंनी एकदा बकुळीची चार फुलं घालायला घेतली आणि पोस्टमास्तरांनी हळूच काढून त्यांच्या हातात परत दिली. त्यावर त्यांनी उरलेल्या जागेत लिहिलं, "बकुळ फुलली आहे."

लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक बुकपोस्टाने. पाकीट चिकटवायचं नाही, आणि आत छापील मजकुराखेरीज खाजगी ओळ नको, तर स्वस्त दर लागे. "नक्की या हं" असं पत्रिकेवर हाताने लिहायचा मोह आम्ही आवरलेला आहे.

नोकरीचा अर्ज यूपीसीने, म्हणजे पत्र टाकल्याचा नुसता शिक्का. पोचल्याची हमी नाही. तो 2011 मध्ये बंद झाला. तार 2013 च्या जुलैत गेली. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. या शेवटच्या बातमीने आमच्या वयाची माणसं एकमेकांना फोन करती झाली. रजिस्टर म्हणजे सातबारा, कुळाचा दावा, कोर्टाची नोटीस. सही करून घ्यायचं आणि पोचपावतीचं कार्ड जपून ठेवायचं. ट्रंकेच्या तळाशी दोऱ्याने बांधलेल्या त्या पोचपावत्यांवर कितीतरी वाड्या घराण्यात टिकल्या आहेत.

काही गोष्टी टपालाच्या नव्हत्याच. आगळाची बाटली नाही, कारण फुटली तर दुसऱ्याची पत्रं भिजतील. सोडे आणि सुकट नाही, कारण वास दुसऱ्याच्या राखीला लागेल. ते एसटीने किंवा रेवसच्या लाँचने, मुंबईला निघालेल्या कुणाच्या तरी हाती. दुसऱ्याच्या टपालाचा एवढा विचार आम्ही तिथे शिकलो. पोह्याचे पापड, आमसुलं, मेतकूट असलं कोरडं सामान दूरच्या मुलीला पार्सलाने जाई. मांजरपाटाची पिशवी शिवायची, कापडावर कॉपिंग पेन्सिलीने पत्ता लिहायचा, शिवणीवर लाख ओतायची. घरभर लाखेचा वास सुटला की कुणाचं तरी बाळंतपण जवळ आलंय हे मुलांनाही समजे.

आणि मनीऑर्डर. ती यायची, पाठवायची नसे. मुंबईच्या गिरणीतला काकांचा पगार झाला की दहा तारखेनंतर पडवीत वाट पाहणं सुरू होई. आजीचा अंगठा, शेजाऱ्याची साक्षीची सही, आणि पोस्टमनने मोजून ठेवलेल्या नोटा. फॉर्मच्या खालच्या कूपनावर काकांच्या दोन ओळी असत. आजी पैसे तांदळाच्या डब्यात ठेवी, कूपन देवघरात.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही. मार्चात पोस्टमन आमच्या आळीत आला की सायकलवरून न उतरता, मान खाली घालून पुढे जाऊ लागला. बरीच माणसं गावी परतली. काका मात्र लालबागच्या खोलीवर राहिले, संप मिटेल या आशेवर. त्यांची पत्रं कार्डावरून आंतर्देशीयावर आली, आणि आजीने ओळखलं.

मे महिन्यात तिने सुपारी विकली आणि मला घेऊन पोस्टात गेली. खिडकीतून विचारलं, "आजी, आलेली बघायची का?"

"नाही," ती म्हणाली, "पाठवायचीय."

50 रुपये. फॉर्म मी भरला. कूपनावर काय लिहू विचारलं तर ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितलं तसं लिहिलं: "तांदूळ उद्याच्या एसटीने निघतील. परळला उतरवून घेणे. इकडे सर्व ठीक." ते कूपन काकांनी शेवटपर्यंत रेशनकार्डाच्या घडीत ठेवलं होतं.